देश दुरावला, शिक्षण कामी आलं: पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट

मेक्सिकोतल्या मक्याच्या संशोधनात वर्ध्याच्या एका माणसाचं नाव आदरानं घेतलं जातं. कोण होते ते?

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा. शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कृषी महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्याच काळात गदर चळवळीच्या उभारणीत ते पुढे होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते ब्रिटिशांविरुद्ध लढले. परिणामी मायदेशाचे दरवाजे बंद झाले.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. पाठीशी ना सरकार, ना परतीची वाट. तरीही चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना प्राध्यापकी मिळाली. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी कृषी शाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं.

हे आज का आठवायचं? कारण घरदार सोडून पळालेल्या अनेक डॉक्टर-शिक्षकांची पदवी नव्या देशात कागदांअभावी अडकते. मग मिळेल ते काम करावं लागतं. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम २२ सांगतं, की परदेशी पदव्यांना मान्यता देताना निर्वासितांना इतर परदेशी लोकांपेक्षा कमी लेखू नये. भारतानं या करारावर सही केलेली नाही.

खानखोजेंना मेक्सिकोनं वर्गात उभं राहू दिलं. त्याचा फायदा मेक्सिकोच्याच शेतकऱ्याला झाला.