पांढऱ्या घरांतील शाळामाता

अमेरिकेंतील मेरीलंड प्रांतांत एमिट्सबर्ग गांवीं एक पांढरें लांकडी घर आहे. जुन्या चित्रकार्डांवर तें पाहून कोणा शेतकऱ्याचें घर वाटावें. पण हीच संत एलिझाबेथ सीटन ह्यांची शाळा.

बाईंचा जन्म १७७४ सालीं न्यूयॉर्क येथें प्रॉटेस्टंट कुळांत झाला. १८०३ सालीं इटलींत पति निवर्तले. पांच लेंकरांचा भार एकटीवर पडला. तेथील स्नेह्यांची पवित्र साक्रामेंतावरील भक्ति पाहून त्यांचें मन वळलें व १८०५ सालीं त्या कॅथॉलिक झाल्या. पुष्कळ आप्त दुरावले, उदरनिर्वाह कठीण झाला. तरी त्या डगमगल्या नाहींत. १८०९ सालीं त्यांनीं एमिट्सबर्ग येथें धर्मभगिनींचा संघ स्थापिला आणि १८१० च्या फेब्रुवारींत ह्या घरांत मुलींची शाळा उघडली. गांवच्या गरीब मुली तेथें विनामूल्य शिकत. पुढें दोन पोटच्या मुली तेथेंच मातीआड झाल्या. शाळा मात्र चालूच राहिली. १८२१ सालीं बाईंनीं ह्याच घरांत देह ठेविला. १९७५ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्युबिलीच्या आनंदांत ज्या गरिबाच्या मुलीची फी थकली असेल, तिचें स्मरण असूं द्यावें.