पानांवरून धातू ओळखणारा वैद्य

खनिजशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला पेशाने वैद्य होते. २४ मार्च १४९४ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ग्लाउखाऊ येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गेऑर्ग बाऊर. बाऊर म्हणजे शेतकरी. विद्वानांच्या तत्कालीन प्रथेनुसार त्यांनी या आडनावाचे लॅटिन रूप स्वीकारले. लाइपझिग येथील शिक्षणानंतर इटलीत वैद्यकाचा अभ्यास करून १५२७ मध्ये ते चांदीच्या खाणींसाठी गाजलेल्या योआखिमस्थाल या गावी नगरवैद्य झाले. हे गाव आज झेक प्रजासत्ताकात आहे.

औषधी खनिजांच्या शोधात ते खाणींत उतरू लागले. धुळीने फुप्फुसे झिजून खाणकामगार अकाली मरतात, हे त्यांनी नोंदवले. पुढे केम्निट्झ येथे स्थायिक होऊन त्यांनी ‘दे रे मेतालिका’ हा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. खाणींमुळे शेते उजाड होतात, जंगले तुटतात आणि धातुक धुतलेले पाणी ओढ्यांतील मासे मारते, हे विरोधकांचे आक्षेप त्यांनी त्यात प्रामाणिकपणे मांडले. स्वतः मात्र ते खाणींच्याच बाजूने उभे राहिले.

काटकी हाती धरून धातू शोधणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्याऐवजी झाडे पाहावीत, असे त्यांनी सुचवले. धातूच्या शिरेवरील झाडांची पाने वसंतात निळसर वा शिसवट दिसतात आणि फांद्यांची टोके काळवंडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. जमिनीतून निघणाऱ्या उष्ण, कोरड्या वाफांमुळे मुळे करपतात, हे त्यांनी दिलेले कारण मात्र चुकीचे ठरले.

१५४६ मध्ये ते केम्निट्झचे महापौर झाले. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा प्रॉटेस्टंट झालेल्या त्या शहराने या कॅथलिक महापौराला दफनासाठी जागा नाकारली. त्यांचा देह त्साइट्झ येथे न्यावा लागला. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १५५६ मध्ये, त्यांच्या पश्चात.

झाडे आणि धातू यांच्या नात्याचा उलगडा व्हायला पुढची काही शतके लागली. बहुतेक वनस्पती विषारी धातू मुळांतच अडवतात. काही थोड्या वनस्पती मात्र ते पानांत साठवतात. जर्मनीतील हार्ट्झ पर्वताच्या जुन्या खाणक्षेत्रात वाढणारी, मोहरीच्या कुळातील ‘अराबिडॉप्सिस हॅलेरी’ ही त्यांपैकीच एक. जस्त वर खेचणाऱ्या प्रथिनाचे जनुक तिच्यात एकाऐवजी तिनदा आढळते, असे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले. मुळांतून पाण्याबरोबर वर आलेले जस्त पानांच्या पेशींतील पोकळ्यांत बंदिस्त होते. जस्ताशी साम्य असलेले घातक कॅडमियमही त्याच वाटेने वर येते.

अशा वनस्पती लावून, कापून, सुरक्षितपणे जाळून जमीन शुद्ध करता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. तिला मर्यादाही आहेत. ही रोपे लहान असतात, शिसे मुळांपलीकडे सहसा जात नाही आणि बरीच दूषित जमीन निवळायला अनेक दशके लागू शकतात. खाणीतून धातू निघतो काही वर्षांत. मातीत उरलेले विष काढायला कित्येक पिढ्या जातात. विरोधकांच्या ज्या आक्षेपांना अ‍ॅग्रिकोला यांनी आपल्या ग्रंथात जागा दिली, त्यांचे वजन त्यामुळे आजही कमी झालेले नाही.