नदीतल्या मेलेल्या माशांची दखल घेणाऱ्या रेचल कार्सन

एरंडोल (प्रतिनिधी) : तालुक्यात ठिबकवरच्या कपाशीची लागवड आता सुरू होईल आणि जुलै उजाडला की पाठीवर फवारणीचे पंप चढतील. औषध मारून झालं की पंप धुवायचा कुठे? तर जवळच्या नाल्यात, नाहीतर विहिरीपाशी. ते पाणी पुढे अंजनीत किंवा गिरणेत जातं. त्या पाण्यातल्या माशांचं काय होतं, हा प्रश्न साऱ्या जगापुढे ठेवणाऱ्या रेचल कार्सन यांची आज, २७ मे रोजी, जयंती.

रेचलबाईंचा जन्म १९०७ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं स्प्रिंगडेल हे गाव, सुमारे ६५ एकर जमीन, पण पैशांची कायम ओढाताण. आई मुलीला घेऊन रानात हिंडायची, पाखरं आणि किडे दाखवायची. अकराव्या वर्षी रेचलची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. पोरगी लेखिका होणार हे ठरल्यासारखंच होतं. कॉलेजात मात्र जीवशास्त्राच्या बाईंनी अशी गोडी लावली की तिने विषयच बदलला.

१९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या. प्रबंध कशावर, तर मिशावाल्या माशाच्या अंड्यातल्या पिल्लाचं मूत्रपिंड कसं तयार होतं यावर. आपल्याकडच्या मागूरच्या कुळातला हा मासा. पुढे डॉक्टरेट करायची होती, पण घरात पैसा नव्हता. १९३५ मध्ये वडील वारले, दोन वर्षांनी बहीण गेली आणि तिच्या दोन मुली यांच्याच पदरी आल्या. शिक्षण सोडून सरकारच्या मत्स्य खात्यात नोकरी धरली. आधी रेडिओसाठी माशांवर लिहायचं, मग पक्की नेमणूक. पुढे खात्याच्या सगळ्या प्रकाशनांच्या त्या मुख्य संपादक झाल्या.

या नोकरीत शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांच्या टेबलावरून जायचे. १९४५ मध्येच त्यांनी एका मोठ्या मासिकाला डीडीटीवर लेख देऊ केला. मासिकाने नाकारला. त्यात नवल नाही. युद्धात डीडीटीने सैनिकांना उवांच्या तापापासून वाचवलं होतं आणि त्याचा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडेही मलेरियासाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी मारायला माणसं यायची, हे जुन्या लोकांना आठवत असेल. अशा औषधाविरुद्ध कोण ऐकून घेणार?

औषध माशांना किती घातक, हे तपासायची रीत साधी आहे. काचेच्या टाक्यांत सारखेच मासे सोडायचे, प्रत्येक टाकीत औषधाचं प्रमाण वेगळं आणि एका टाकीत नुसतं पाणी. ९६ तास, म्हणजे चार दिवस, मोजत राहायचं. ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात तो आकडा लिहायचा. आकडा जितका लहान, तितकं औषध जहाल. सायपरमेथ्रिनचा आकडा एका लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकाच आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणावर विसंबून मात्र नाल्यात डबा धुऊ नये. तो रंग माणसाला आणि जनावरांना असलेल्या धोक्यावरून ठरतो, माशांवरून नाही.

टाकीतलं गणित नदीत कसं उतरतं, हे रेचलबाईंनी पुढे लिहून दाखवलं. कॅनडातल्या मिरामिची नदीच्या खोऱ्यात १९५४ मध्ये झाडांवरच्या अळीसाठी विमानाने डीडीटी फवारलं. दोन दिवसांत नदीकाठी मेलेले मासे दिसू लागले. तिथे शास्त्रज्ञ १९५० पासून सामन माशांची मोजणी करत होते, म्हणून आधीचं आणि नंतरचं दोन्ही हातात होतं. उत्तर-पश्चिमेकडच्या फाट्यात त्या वर्षी जन्मलेलं एकही पिल्लू उरलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकची गोष्ट अजून वेगळी. चिलटं मारायला तलावात डीडीटीचाच भाऊबंद असलेलं डीडीडी टाकलं. प्रमाण ७ कोटी भाग पाण्याला १ भाग, म्हणजे नसल्यासारखंच. पण पाण्यातल्या बारीक जीवांत ते दहा लाखाला ५ भाग निघालं आणि मासे खाणाऱ्या पाणडुब्यांच्या चरबीत १६०० भाग. पाणडुब्यांच्या हजारावर जोड्या होत्या, १९६० पर्यंत ३० च्या आसपास राहिल्या. टाकीत चार दिवस जगलेला मासा सुखरूप आहे असं नसतं, तो विष साठवत असतो.

समुद्रावरच्या पुस्तकाने नाव आणि पैसा मिळाल्यावर १९५२ मध्येच त्यांनी नोकरी सोडली होती. १९५७ मध्ये भाची वारली, तेव्हा तिचा पाच वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. आजार लोकांपासून लपवून त्यांनी पुस्तक पुरं केलं. सायलेंट स्प्रिंग सप्टेंबर १९६२ मध्ये आलं. एका औषध कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. बिनलग्नाची बाई, हिला काय कळतं, अशीही हेटाळणी झाली. खरं तर औषधं कधीच वापरू नका असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. काय फवारतोय हे न कळता फवारू नका, एवढं त्या सांगत होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान समितीने मे १९६३ मध्ये त्यांच्या बाजूने अहवाल दिला आणि जूनमध्ये त्या सिनेटपुढे साक्षीला गेल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी नदीत सुमारे ५० लाख मासे मेले. बहुतेक मिशावाले, म्हणजे ज्यांच्यावर रेचलबाई शिकल्या त्याच कुळातले. मार्च १९६४ मध्ये कारण बाहेर आलं : एंड्रिन हे कीटकनाशक. १४ एप्रिल १९६४ रोजी रेचल कार्सन वारल्या, वय ५६. अमेरिकेने शेतातलं डीडीटी १९७२ मध्ये थांबवलं, भारताने १९८९ मध्ये. कपाशीवर आपण वर्षानुवर्षं मारलेलं एंडोसल्फान मात्र सुप्रीम कोर्टाने बंद करायला २०११ साल उजाडलं.