दाढेमागची नस

घाटंजीला आमच्या आत्याच्या एकामागून एक तीन दाढा काढल्या, पण कळ काही गेली नाही. चूळ भरली, वारा लागला की उजव्या गालात वीज चमकल्यासारखे होई आणि क्षणात ओसरे. अखेर नागपूरच्या एका डॉक्टरांनी तिची हकिकत शांतपणे ऐकली. दुखणे दाढेचे नव्हतेच. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे होते. त्यांच्याच तोंडून मी डॉ. वॉल्टर डँडींचे नाव प्रथम ऐकले.

डँडी १८८६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेडेलिया गावी जन्मले. वडील इंग्लंडहून आलेले, रेल्वेत इंजिनचालक. एकुलता एक मुलगा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९१० मध्ये डॉक्टर झाला. तिथे हार्वे कुशिंग गुरू लाभले, पण दोघांचे बिनसले. १९१२ मध्ये बोस्टनला जाताना कुशिंगनी या शिष्याला सोबत नेले नाही. डँडी मागे राहिले आणि तिथेच मोठे झाले. स्वभाव तापट, हात मात्र विलक्षण.

त्या काळी शल्यविशारद कानाच्या वरच्या बाजूने कवटी उघडून ही नस गाठत. डँडी कानामागून शिरले. नस मेंदूतून निघते ती जागा त्यामुळे त्यांना उघड दिसली. १९३४ मध्ये २१५ रुग्णांचा अनुभव मांडताना त्यांनी सांगितले, की अनेकांत एक धमनी नसेला टेकलेली वा तिच्यावर दाब देत असलेली आढळली. दुखण्याचे मूळ तिथे असावे, हा त्यांचा कयास. समकालीनांनी तो फारसा मनावर घेतला नाही. खुद्द डँडीही नसेचा भाग कापूनच कळ थांबवत. १९४६ मध्ये हृदयविकाराने ते गेले.

पुढे १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकातून तीच जागा पाहिली आणि नस न कापता धमनी बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया रुळवली.

आत्याला आधी कार्बामाझेपिनच्या गोळ्या दिल्या. काही वर्षे बरे गेले. मग गुंगी वाढली, कळही परतली. एमआरआयमध्ये नसेला टेकलेली धमनी दिसली. शस्त्रक्रियेत दोघींमध्ये टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवला. प्रत्येकालाच हा गुण येतो असे नाही, आत्याला आला.

आता ती ज्वारीची भाकर खाते, पण डाव्या बाजूनेच. उजवीकडच्या निरोगी दाढा केव्हाच गेल्या. स्पर्शाने उठणारी, क्षणात ओसरणारी कळ असेल, तर दाढ काढण्याआधी नसेची चौकशी करावी, एवढेच.