चोरांसाठी मारलं पाणी, त्यातून सापडलं बोर्डो : मिलार्दे यांची गोष्ट

ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा फुटला आणि ढग आले की द्राक्षवाल्याची झोप उडते. डाऊनी, म्हणजे आपल्याकडचा दावण्या, एका रात्रीत बाग धरतो. मग घरोघरी मोरचूद आणि चुना कालवला जातो. हे बोर्डो मिश्रण ज्या माणसानं दिलं, त्याचं नाव मात्र बांधावर कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. ते नाव अलेक्सी मिलार्दे.

मिलार्दे यांचा जन्म १८३८ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या झुरा भागातला. आधी त्यांनी डॉक्टरकी शिकली, पण ओढ झाडापानांची होती. जर्मनीत जाऊन दे बारी यांच्या हाताखाली ते शिकले. पिकावरचे रोग बुरशीमुळं होतात, हे पटवून देणाऱ्यांत दे बारी यांचं नाव मोठं. १८७६ मध्ये मिलार्दे बोर्दो शहरात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तो काळ फ्रान्सच्या द्राक्षवाल्यांना लई वाईट होता. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची बारीक कीड मुळ्या खाऊन बागा वाळवत होती. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेची काटक खुंटं आणली, त्यावर कलमं बांधली. आपण आज डॉगरिज खुंटावर कलम करतो, त्या वाटेची सुरुवात तिथलीच. मिलार्दे यांनी स्वतः संकर करून नवी खुंटं तयार केली. पण अमेरिकेच्या वेलींबरोबर दावण्याही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्सच्या बागांत दिसला. पानं गळायची, मणी पिकायचे नाहीत, गोडी भरायची नाही. किडीतून वाचलेला शेतकरी बुरशीत सापडला.

१८८२ चा ऑक्टोबर. मिलार्दे सँ-झुलियँ गावच्या बागांतून चालले होते. सगळीकडं पानं गळालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. त्या पानांवर निळसर पांढरा थर होता. त्यांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. विषारी दिसलं की कुणी हात लावत नाही. दुसरा कुणी असता तर हसून पुढं गेला असता. मिलार्दे तिथंच थांबले.

पुढची तीन वर्षं त्यांनी बागेत प्रयोग केले. बागेचे कारभारी एर्नेस्ट दाविद यांनी फवारण्या करून बघितल्या, रसायनशास्त्रज्ञ उलिस गायाँ यांनी तपासणीत साथ दिली. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी प्रमाण जाहीर केलं : १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना. आज आपण १ टक्का द्रावणासाठी १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना घेतो. पुढं बटाट्याच्या करप्यावरही हेच औषध जगभर चाललं. १९०२ मध्ये बोर्दोतच मिलार्दे वारले.

त्यांच्या कामातली खरी गोष्ट आपण अजून विसरतो. तांबं पानाच्या वरच राहतं आणि बुरशीचं बी रुजू देत नाही. पानाच्या आत शिरलेली बुरशी त्यानं मरत नाही. म्हणजे फवारा रोगाच्या आधी पाहिजे. डाग दिसल्यावर बोर्डो मारून पैसे वाया घालवायचे आणि औषधाला नावं ठेवायची, हे गावोगावी चालतं. मीही एका वर्षी तेच केलं आणि अर्धा प्लॉट घालवला.

करताना मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा, गाळून घ्या. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता आणि काठीनं ढवळा. घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

एवढा शिकलेला प्राध्यापक, पण औषध सापडलं ते बांधावर थांबून विचारपूस केल्यामुळं. उद्या बागेत गेलात की रस्त्याकडेच्या ओळींकडंही जरा नीट बघा.