पाळण्यापासून पाटीपर्यंत : पद्मभूषण कै. ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही ताराबाई मोडक यांचे नाव सुचविले. ताराबाई आपल्या ज्ञातीतील नव्हेत, ही गोष्ट काही सभासदांनी आमच्या लक्षात आणून दिली. ती खरीच आहे. तथापि ज्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्या ज्ञातीची चौकशी करण्याचे कारण नाही, असे आमचे नम्र मत आहे. शिवाय ताराबाई एकेकाळी अमरावतीच्या सून होत्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडाशी त्यांचे नाते होते. आणखीही एक कारण आहे, ते लेखाच्या शेवटी निवेदन करू.

ताराबाईंचा जन्म दिनांक 19 एप्रिल 1892 रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्यांनी विधवेशी विवाह केला होता, आणि त्या काळी अशा घराला समाजाकडून काय सोसावे लागत असे, हे जुन्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. अशा सुधारकी घरात वाढल्यामुळे मुलीच्या जातीला शिक्षण कशास हवे, हा प्रश्न ताराबाईंच्या वाट्यास आला नाही. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया त्या वेळी अत्यंत विरळ होत्या.

1915 साली अमरावती येथील वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. दुर्दैवाने हा संसार सुखाचा झाला नाही. 1921 साली पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, माहेरी वडिलांचे छत्र नाही, आणि घटस्फोट हा शब्ददेखील घरात उच्चारला जात नव्हता असा तो काळ. अशा स्थितीत एखादी स्त्री खचून गेली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ताराबाई मात्र लेकीला घेऊन काठेवाडात राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदावर रुजू झाल्या. मूल सांभाळून नोकरी करणाऱ्या आईची ओढाताण त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही, ती त्यांनी स्वतः अनुभवली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

राजकोटचे पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. पण भावनगर येथे गिजुभाई बधेका यांचे निराळेच काम चालू असल्याचे ताराबाईंच्या कानी आले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले, आणि 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. या विदुषींनी आपले पहिले बालगृह रोम शहरातील एका गरीब वस्तीत 1907 साली उघडले. आईबाप मजुरीस गेल्यावर दिवसभर मोकाट राहणाऱ्या मुलांची सोय करावी, एवढाच त्या बालगृहामागील मूळ हेतू होता. म्हणजे आज जगभर गाजणाऱ्या त्या शिक्षणपद्धतीचा उगम एका पाळणाघरातच झाला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

1923 साली ताराबाई राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, त्याला स्वतःची बुद्धी, स्वतःची इच्छा आणि स्वतःचा मान असतो. त्याला मारू नये, भीती घालू नये, लालूचही दाखवू नये. त्याच्या हाताला काम आणि मनाला मोकळीक द्यावी. ही तत्त्वे आज सर्वांना मान्य आहेत. त्या काळी मात्र छडी हीच शाळेची देवता होती. 1926 साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती 1933 पासून निघू लागली आणि हे विचार मराठी घरांपर्यंत पोचले. पुढे ताराबाई मुंबईस आल्या व 1936 साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथे केवळ मुलांना शिकविले जात नव्हते, तर मुलांना शिकविणाऱ्या बायांनाही शिकविले जात होते. मूल सांभाळणे हे कोणालाही येते, त्यास शिक्षण कशाला, ही आपली जुनी समजूत. ताराबाईंनी ती मान्य केली नाही. लहान मुलाच्या हाती पाटी देण्यासाठी जेवढी तयारी लागते, त्याहून अधिक तयारी त्याला पाळण्यातून पाटीपर्यंत सुखरूप आणण्यास लागते, अशी त्यांची धारणा होती.

शिशुविहार नावारूपास आले. येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तू घरांची मुले शिकली आणि खेड्यातील मुले धुळीत राहिली, तर आपल्या कामाला अर्थ काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाची त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली असता, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. स्वकष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींचे गुरुशिष्येचे नाते अखेरपर्यंत टिकले.

बोर्डीस आल्यावर पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतात, असे नाही. गरिबांची, विशेषतः त्या काळी जिला हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत ना. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असे ठरले. सकाळी वस्तीत जावे, अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांची तोंडे धुवावीत, नखे कापावीत, केस विंचरावेत आणि मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. स्वच्छता हाच पहिला पाठ. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडण्यासारखी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले व मातीची भांडी आली. मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे हे सारे मुले त्यातूनच शिकली. अंगणवाडी या शब्दाचा जन्म असा प्रत्यक्ष अंगणातून झालेला आहे.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या मुली वारंवार गैरहजर राहत. कारण काय, तर आईबाप कामावर गेल्यामुळे धाकट्या भावंडास सांभाळण्यास घरी दुसरे कोणी नसे. सात-आठ वर्षांची पोर कडेवर मूल घेऊन दिवस काढी. तिचे शिक्षण बुडे, आणि कडेवरील मुलाचेही संगोपन धड होत नसे, कारण सांभाळणारी स्वतःच मूल होती. ताराबाईंनी या दुखण्याचे मूळ ओळखले. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले. थोरल्या बहिणीने भावंडास घेऊन यावे, त्यास पाळणाघरात ठेवावे व आपण वर्गात बसावे. योजना दिसावयास साधी, पण तिने एका दगडात दोन मुलांची वाट मोकळी केली.

येथे आम्हास आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही शिक्षक असताना तिसरीतील एक हुशार मुलगी कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावास घेऊन वर्गात येई. ते पोर रडे व वर्गाचे लक्ष उडे. एके दिवशी आम्ही तिला रागे भरून, त्याला घरी ठेवून ये, असे फर्माविले. ती गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही. घरी ठेवावयास कोणी असते, तर तिने त्याला आणलेच नसते, एवढे साधे आमच्या ध्यानात आले नाही. हजेरीपटावर आम्ही तिचे नाव कमी केले आणि नियमाचे पालन केल्याचे समाधान मानले. पुढे कित्येक वर्षांनी विकासवाडीची हकीकत आमच्या वाचनात आली, तेव्हा ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. ताराबाईंनी जे पाहिले, तेच आम्हीही पाहिले होते. त्यांनी पाळणाघर उघडले, आम्ही दार लावले.

1957 साली हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातील हा मुलूख वारली आदिवासींचा. येथील मुले गुरे राखीत, म्हणून शाळा कुरणावर नेण्यात आली, ती कुरणशाळा. दिवसा कष्ट करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. मुलाने शाळेच्या सोयीने वागावे, हा नियम मोडून शाळेने मुलाच्या सोयीने चालावे, हा नियम तेथे झाला. 1962 साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन त्यांच्या सेवेचा गौरव केला. दिनांक 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी 1992 साली देह ठेवीपर्यंत कोसबाडचे काम नेटाने चालविले.

ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 ठिकाणी सुरू झाली. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातले धारणी त्यात होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी व शाळापूर्व शिक्षण एकत्र देणाऱ्या या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज गावोगावी हा शब्द रूढ आहे, पण तो कोठून आला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता आरंभी राखून ठेवलेले कारण सांगतो. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण घरांत आज पतिपत्नी दोघेही नोकरी करतात. एकत्र कुटुंबे राहिली नाहीत, आजी-आजोबा गावी आणि नातवंडे शहरात. मूल कोठे ठेवावे, हा त्यांचा रोजचा घोर आहे. गतवर्षी आमच्या नातीसाठी आम्ही शहरातील एक पाळणाघर पाहावयास गेलो. पाटी सुंदर होती. आत दोन खोल्या, वीसाहून अधिक मुले आणि सांभाळावयास एकच बाई. ती बिचारी थकून गेली होती. वर पत्रे, खाली वैशाखाचा उकाडा. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघर पाणी साठवितात, तसे तेथेही मोरीत पाण्याने भरलेला ड्रम झाकणाविना उभा होता. रांगते मूल उभे राहून वाकले तर काय होईल, या विचाराने आमच्या अंगावर शहारे आले. त्या बाईस आम्ही दोष देत नाही. तिला हे कोणी शिकविलेच नव्हते, आणि मूल ठेवणाऱ्यांपैकी कोणी विचारलेही नव्हते. आपण नारळ घेताना तो वाजवून पाहतो, आणि मूल मात्र फीचा आकडा ऐकून ठेवून येतो.

म्हणून सभासद भगिनी-बंधूंस आमची विनंती आहे की, पाळणाघर निवडताना पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. सांभाळणारी बाई शिकलेली, निदान शिकण्यास तयार आहे काय. एका बाईमागे मुले किती. सरकारच्या पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस अशी व्यवस्था ठरविलेली आहे, आणि तान्ही मुले असल्यास हेही प्रमाण आमच्या मते अपुरेच. पाणी झाकलेले, विजेची बटणे उंचावर, चूल वा शेगडी मुलांपासून दूर आहे काय. उन्हाळ्यात खोली राहण्यासारखी असते काय. ठरलेल्या माणसाखेरीज अन्य कोणाच्या हाती मूल देत नाहीत ना. आईस कोणत्याही वेळी आत येऊ देतात काय. आणि सर्वात महत्त्वाचे, मूल दिवसभर काय करते. त्याला मोबाइल दाखवून गप्प बसविले असेल, तर ते सांभाळणे नव्हे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढेही एक सूचना ठेवतो. आपल्या सभागृहाच्या मागील दोन खोल्या लग्नसराईखेरीज वर्षभर कुलूपबंद असतात. तेथे एक लहानसे, पण निर्दोष पाळणाघर चालविता येईल. दोन बायांना प्रशिक्षण द्यावे, ज्ञातीतील डॉक्टरांनी महिन्यातून एकदा मुले तपासावीत, निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आळीपाळीने गोष्टी सांगावयास जावे. आमचे नाव त्या यादीत प्रथम घालावे. आणि त्याचे दार केवळ आपल्याच ज्ञातीसाठी नसावे. सभागृह झाडणाऱ्या बाईचे मूलही तेथेच असावे, म्हणजे तिच्या थोरल्या मुलीला शाळा सोडावी लागणार नाही. ज्यांचे चरित्र आपण आज वाचले, त्या ताराबाईंचे स्मारक करावयाचे झाल्यास याहून उचित स्मारक आम्हास तरी दिसत नाही.