हॅल अँगर : शरीरातून येणाऱ्या किरणांचा कॅमेरा बनवणारा इंजिनिअर

रात्री कमी उजेडात हलणाऱ्या माणसाचा फोटो काढला की तो धूसर येतो, हे आपल्याला माहीत आहेच. उजेड कमी, म्हणून फोन जास्त वेळ प्रकाश गोळा करत बसतो आणि तेवढ्यात समोरचा हलतो. हाच प्रॉब्लेम हॉस्पिटलमधल्या गॅमा कॅमेऱ्यालाही येतो. तिथे पेशंट अगदी स्थिर झोपला तरी श्वास चालूच असतो. आज मी हा कॅमेरा बनवणाऱ्या हॅल अँगर यांच्याबद्दल लिहितोय.

रडारकडून मेडिकलकडे

अँगर यांचा जन्म १९२० मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधून त्यांनी १९४३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते हार्वर्डच्या रेडिओ रिसर्च लॅबोरेटरीत होते. शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारी उपकरणं बनवणं हे त्या लॅबचं काम. युद्धानंतर ते बर्कलीला परतले आणि तिथल्या डॉनर लॅबोरेटरीत रमले. ते डॉक्टर नव्हते, पण त्यांनी बनवलेलं यंत्र जगभरच्या डॉक्टरांनी वापरलं.

१९५७ चा कॅमेरा

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये पेशंटला थोडंसं किरणोत्सारी औषध देतात. ते ज्या अवयवात जातं तिथून गॅमा किरण बाहेर येतात आणि त्यावरून चित्र तयार होतं. त्या काळी यासाठी बेनेडिक्ट कॅसन यांचा स्कॅनर वापरायचे. त्यात एकच डिटेक्टर शरीरावरून एकेक ओळ करत सरकायचा, झेरॉक्स मशीनमधल्या पट्टीसारखा. एक चित्र पूर्ण व्हायला खूप वेळ लागायचा.

अँगर यांनी वेगळा विचार केला. डिटेक्टर हलवायचाच नाही, सगळा भाग एकदम बघायचा. त्यांनी ४ इंच व्यासाचा सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल घेतला आणि त्याच्यामागे ७ फोटोमल्टिप्लायर ट्यूब लावल्या. गॅमा किरण क्रिस्टलवर आदळला की बारीकसा प्रकाश चमकतो. जवळच्या ट्यूबला तो जास्त दिसतो, लांबच्या ट्यूबला कमी. या फरकावरून सर्किट त्या चमकेची नेमकी जागा काढतं. या पद्धतीला आजही ‘अँगर लॉजिक’ म्हणतात.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की हा कॅमेरा प्रत्येक चमकेची जागा वेगळी मोजतो. श्वासाचा प्रश्न पुढे सुटला तो यामुळेच.

श्वासाने काय बिघडतं?

फुफ्फुसातला रक्तप्रवाह बघताना टेक्नेशियम-९९एम लावलेले प्रोटीनचे बारीक कण हाताच्या शिरेतून देतात. ते फुफ्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत काही काळ अडकतात. गुठळीमुळे जिथे रक्त पोचत नाही, तिथे कणही पोचत नाहीत आणि चित्रात ती जागा रिकामी दिसते.

किरण थोडे असल्यामुळे एकेका चित्राला काही मिनिटं लागतात. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे ५ मिनिटांत ६० ते १०० वेळा. प्रत्येक श्वासाला फुफ्फुसाचा खालचा भाग साधारण १ ते २ सेंटिमीटर वर-खाली होतो. त्यामुळे शेजारच्या भागातल्या चमका रिकाम्या जागेवर पडतात. लहान गुठळीची खूण पुसट होते, कधी कधी दिसतही नाही. फुफ्फुसातली गुठळी जीवावर बेतू शकते, त्यामुळे हे धूसरपण साधं नाही. पेशंटला ५ मिनिटं श्वास रोखून धर असंही सांगता येत नाही, त्यातून तो बहुतेक वेळा धाप लागते म्हणूनच आलेला असतो.

मग उपाय काय?

अँगर यांच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यात चमका ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या उमटायच्या आणि फिल्मवर गोळा व्हायच्या. एकदा फिल्मवर गेलेला ठिपका परत वेगळा काढता येत नसे. कॉम्प्युटर आल्यावर चित्र बदललं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिव्हरच्या स्कॅनमध्ये श्वासाने सरकलेल्या चमका कॉम्प्युटरने परत जागेवर आणून दाखवल्या गेल्या.

आज प्रत्येक चमकेची जागा आणि वेळ दोन्ही साठवता येतात. पोटावर किंवा छातीवर सेन्सरचा पट्टा बांधतात, तो श्वास कुठल्या टप्प्यात आहे ते सांगतो. मग सॉफ्टवेअर चमका टप्प्यांनुसार वेगळ्या करतं. श्वास सोडून झाल्यावर फुफ्फुस क्षणभर शांत असतं, तेवढ्याच चमका घेतल्या तर कडा स्पष्ट येतात. याला गेटिंग म्हणतात.

पण याची किंमत आहे. बाकीच्या चमका टाकून दिल्या की चित्र दाणेदार होतं, आणि स्कॅन लांबवला तर पेशंटला जास्त वेळ पडून राहावं लागतं. म्हणून दुसरी युक्ती : प्रत्येक टप्प्याचं चित्र एकमेकांशी जुळवायचं आणि मग सगळ्यांची बेरीज करायची. तुमच्या फोनचा नाइट मोड बऱ्याच फ्रेम जुळवून एक फोटो करतो, साधारण तसंच. फक्त फुफ्फुस नुसतं सरकत नाही, ते ताणलंही जातं, त्यामुळे इथलं गणित जास्त अवघड आहे. काही पद्धतींत पट्टाही लागत नाही. सगळ्या चमकांचा मध्यबिंदू वर-खाली होतो, त्यावरूनच श्वास ओळखतात.

नंतरची वर्षं

१९६२ मध्ये पहिला व्यावसायिक गॅमा कॅमेरा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत पोचला. अँगर यांना १९६४ मध्ये जॉन स्कॉट अवॉर्ड मिळालं. ते १९८२ मध्ये निवृत्त झाले आणि २००५ मध्ये बर्कलीत वारले. आता ट्यूबऐवजी सेमीकंडक्टर वापरणारे कॅमेरेही आले आहेत, तरी क्रिस्टल आणि ट्यूबची त्यांची रचना अजून अनेक हॉस्पिटलांत रोज चालते.

तुमच्या घरातल्या कुणाचा असा स्कॅन असेल, तर टेक्निशियन संथ, एकसारखा श्वास घ्यायला का सांगतो, हे आता तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता. प्रत्येक श्वास सारखा असला की चमका योग्य टप्प्यात लावणं सॉफ्टवेअरला सोपं जातं.